माती खाल्ली म्हणे

बारामती-इंदापूर पाहायला म्हणून कोणी घरून निघत नाही. तिकडे चढायला गड नाही की हवा खायला टेकडी नाही. सपाट रान, मधून जाणारा कालवा, उसाचे हिरवे पट्टे आणि ते संपले की लगेच सुरू होणारे उघडे माळ. मीही पाहायला गेले नव्हते. पुण्याच्या मंडईत एका माणसाने मला एक वाक्य ऐकवले आणि त्या वाक्याने मला तिकडे नेले.

माझी धाकटी बहीण गोदू निमगाव केतकीला दिली आहे. तिच्या सासरचा पानमळा आहे. त्या गावच्या पानांच्या करंड्या पुण्याला येतात, आणि त्या आणणारा एक गृहस्थ मला ओळखतो. संक्रांत होऊन थोडे दिवस झाले होते. मी शाळेतून परतताना भाजी घेत होते. त्याने मला पाहिले, जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, तुमच्या धाकट्या भनीनं माती खाल्ली म्हनत्यात. सासू लई तापलीय. धाडून देते म्हनती म्हायारी. येकदा येऊन बगा."

मी काही विचारणार तोच कोणीतरी त्याला हाक मारली, आणि तो करंड्यांच्या गर्दीत दिसेनासा झाला. मी पुष्कळ शोधले, पण सापडला नाही.

माती खाल्ली म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. चोरी करणाऱ्यालाही आपण तेच म्हणतो आणि शब्द मोडणाऱ्यालाही. पण बाईच्या बाबतीत तो शब्द निघाला की ऐकणाऱ्याच्या मनात एकच अर्थ उभा राहतो. माझ्याही मनात तोच उभा राहिला. गोदूला मी अंगाखांद्यावर वाढवली, तिचा स्वभाव मला ठाऊक, तरी उभा राहिला. याची लाज वाटायलाही मला त्या वेळी सवड नव्हती.

माझे स्वतःचे सांगायला हवे. मला सासरच्यांनी विशीच्या आत परत पाठवले. मूल होत नाही हे कारण. गाडीतून दारात उतरवून दीर निघून गेला होता. वडिलांनी मला काही विचारले नाही. दुसऱ्या वर्षी शाळेत घातले, आणि आज मी मुलींच्या शाळेत शिकवते. माझे बरे चालले आहे. पण परत पाठवलेल्या बाईकडे लोक कसे पाहतात, पाहून न पाहिल्यासारखे कसे करतात, ते मला पाठ आहे. वडील आता थकले आहेत. त्यांच्या दारात पुन्हा तशीच गाडी यावी, हे मला सोसणारे नव्हते. त्यांना म्हटले, "गोदूला दिवस गेलेत, बघून येते." मोठ्या बाईंकडून रजा मागून घेतली आणि निघाले.

बारामती

दौंडला मोठी गाडी सोडून बारामतीच्या छोट्या गाडीत बसावे लागते. ही गाडी इतकी बेताची की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागतात, आणि गुडघे लागले की बोलणे निघतेच. माझ्या समोर तीन बायका होत्या. डोक्यावरून पदर, मांडीवर गाठोडी, कोणी कोणाशी बोलत नव्हते. काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, "कुठे निघालात?"

त्यातली थोरली म्हणाली, "मातीला."

पुण्यात आमच्या पेठेत "पोचवायला" म्हणतात, "मयताला" म्हणतात. हा शब्दही ऐकलेला होता, पण गेले दोन दिवस माझ्या कानात तो एकच शब्द वाजत होता, आणि तो असा समोरून उलटून येईल असे वाटले नव्हते. त्यांची चुलती गेली होती. बाळंतपणात गेली, असे दुसरीने सांगितले. मग थोरलीने मला विचारले, "आन् तुमी? तुमी बी मातीलाच का?"

"नाही, नाही. बहिणीकडे," मी म्हटले. आवाज नको इतका मोठा निघाला. बाई जरा मागे सरकली.

बारामतीला आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या मावशीकडे मुक्काम केला. घर कऱ्हेच्या बाजूला. मावशी प्रेमळ, पाहुण्याला हाताला धरून बसवणारी. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि वर गुळाचा खडा. आपल्याकडे जेवताना गूळ लागतो तो पोळीत नाहीतर आमटीत. इथे ताटात मीठ वाढावे तसा गूळ वाढतात. बाजारात तर गुळाच्या ढेपा वाळत घातल्यासारख्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि त्यांवरच्या माश्या हाकायला एक माणूस बसवलेला होता. मावशी म्हणाल्या, "दोन दिवस ऱ्हावा. देवळं दावते." मी हो म्हटले आणि सकाळी उठून मोटारीच्या अड्ड्यावर जाऊन बसले.

लासुर्ण्याच्या अलीकडे

इंदापूरची मोटार भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ती कधी भरली असे चालकाला वाटत नाही. शेवटी पाच-सहा पैलवान आले. ते बसल्यावर दुसऱ्या कोणाला जागाच उरली नाही, म्हणून मोटार सुटली.

पैलवान कुठल्याशा जत्रेला निघाले होते. त्यांचा वस्ताद म्हातारा, कान मोडलेला, पण बोलणे मऊ. आपल्या शेजारच्या पोरसवद्या गड्याच्या पाठीवर थाप मारून तो सगळ्या मोटारीला सांगत होता, "ह्येच्या पाठीला अजून माती लागली न्हाय!" गडी लाजून खाली बघत होता. त्याने कनवटीला एक पुरचुंडी बांधली होती. मी पाहते आहे असे दिसल्यावर त्याने ती सोडून दाखवली. आत तांबडी, तेलाने मऊ झालेली माती होती; आपल्या तालमीतली. दुसऱ्याच्या आखाड्यात उतरण्याआधी कपाळाला लावायची.

"तिकडं माती नसती का?" मी विचारले.

"आसती की," तो म्हणाला. "पर ती वळखत न्हाय."

एरवी मला हे ऐकून केवढे कौतुक वाटले असते. त्या दिवशी मला फक्त मोटार पुढे जायला हवी होती. आणि नेमकी ती लासुर्ण्याच्या अलीकडे थांबली. पुढून वाफेचा लोट निघाला. चालक खाली उतरला, डबा घेऊन कालव्याकडे गेला आणि तिकडेच कोणाशी तरी बोलत उभा राहिला.

रस्त्याच्या कडेला गुऱ्हाळ लागले होते. गुऱ्हाळवाल्याने आम्हां सगळ्यांना बोलावले. कढईतली गरम काकवी पळसाच्या द्रोणात ओतून दिली. पैलवानांनी ती वाटी-वाटीने प्यायली. मी बोटाने चाटून उठले, इकडून तिकडे फेऱ्या मारू लागले. गुऱ्हाळवाला म्हणाला, "बसा की बाई. मोटार न्हाय पळून जायाची."

"ते समोरचं रान पांढरं कशाने झालं?" मी काहीतरी विचारायचे म्हणून विचारले. कालव्याच्या खालच्या अंगाला पीठ सांडल्यासारखे एक रान पडले होते, त्यात गवताचे पातेही नव्हते.

"त्ये व्हय? आमचंच हाय." तो चुलाण्यात चिपाडे सारत म्हणाला. "कालवा आला तवा पानी बगून येडी झाली मानसं. पाजलं, पाजलं, पाजलं. खालून मीठ वर आलं. मातीची माती झाली, बाई."

त्याने ते सहज सांगितले. त्याला ते सांगायची सवय झाली असावी. मी मात्र तिथून निघून मोटारीत जाऊन बसले. मला वाटू लागले होते की या मुलखात कोणी ठरवून मला हा शब्द ऐकवत आहे.

निमगाव

निमगावला उतरले तेव्हा ऊन कलले होते. गोदूचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, पारावर बसले होते. मला पाहून उठले, पिशवी हातातून घेतली आणि "आलीस? बरं झालं," एवढेच म्हणाले. वाटेत त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

घरी गोदूच्या सासूबाईंनी पायांवर पाणी घातले, गूळपाणी दिले. रीत चुकवली नाही. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, चेहरा रापलेला आणि ताठ. त्यांना मी मावशी म्हणते. मी म्हटले, "मावशी, काय झालंय?"

"तुमी शिकल्याली मानसं," त्या म्हणाल्या. "तिलाच इचारा. काय खाल्लंय त्ये ती सांगंल. थोरली परत आली, आता धाकटी. म्हंजी दोगींची सोबत व्हईल."

हे वाक्य माझ्या वर्मी बसले. मी उठून मागच्या सोप्यात गेले.

गोदू भिंतीला टेकून बसली होती. मी तिला दिवाळीत पाहिले होते, तेव्हा तिच्या गालांवर रंग होता. आता चेहरा सुजलेला, आणि त्या सुजेचा रंग जुन्या कागदासारखा. सहावा महिना असावा. मला पाहून तिने उठायचा प्रयत्न केला आणि धाप लागून पुन्हा बसली.

मी दार लोटून घेतले. "गोदू, मला खरं सांग. काय केलंस तू?"

"आक्का, माती खाल्ली," ती म्हणाली आणि रडू लागली.

"ते कळलं मला. कोण आहे तो?"

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे काहीच न समजल्यासारखे पाहिले. "कोण?"

"माती खाल्लीस म्हणजे काय केलंस, ते सांग."

तिने पदराची गाठ सोडली. आत तांबूस मातीची ढेकळे होती, सुपारीएवढी. एकावर दातांची खूण होती.

"ही," ती म्हणाली. "ही खाल्ली."

मी त्या ढेकळाकडे बघत राहिले. मग मला हसू आले, आणि ते आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागले. गोदू घाबरून मला धरू लागली. "आक्का, हसू नको गं. मला राहवत नाही. पहिल्यांदा चुलीची खाल्ली. मग भिंतीची. मळ्यात ही माती ओढून टाकली, तिच्यावर पाणी शिंपडलं की जो वास येतो, त्याने माझ्या तोंडाला पाणी सुटतं. मी हात बांधून ठेवले तरी राहवत नाही."

डोहाळ्यांत माती खाणाऱ्या बायका पुण्यातही असतात. कुंभारणी विकायला भाजलेल्या मातीच्या वड्या आणतात, हे मी लहानपणी पाहिले होते. मला वाटले, झाले, संपले. मी तीन दिवस उगीच जिवाला घोर लावून घेतला. उठले आणि हसतच बाहेर आले. "मावशी, डोहाळे आहेत हो तिला! एवढ्यासाठी?"

मावशी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "उद्या मळ्यात या. मग हसा."

पानमळा

ज्याने पानमळा पाहिलेला नाही त्याला तो सांगणे कठीण आहे. बाहेर माळावरचे ऊन, आणि आत पाऊल टाकले की देवळाच्या गाभाऱ्यासारखा गारवा. शेवरीच्या उंच झाडांवर वेल चढवलेले, पानांवर पाने, वरून हिरवा उजेड गाळून येतो. आत जाताना वहाणा बाहेर काढायच्या. विटाळशीने जायचे नाही. जोराने बोलायचे नाही. आम्ही बहिणी वडिलांच्या फुलांच्या मळ्यात वाढलो, पण आमच्या मळ्यात आम्ही खुशाल चपला घालून हिंडायचो, गाणी म्हणायचो. इथे आबा आत शिरताना आधी वाकून जमिनीला हात लावतात.

वर्षातून एकदा वेल झाडावरून उतरवतात, त्याचे वेटोळे करून मुळाशी पुरतात आणि वर नवी माती घालतात. ती माळावरून गाडीने आणावी लागते. मग वेल त्या मातीतून पुन्हा फुटून वर चढतो. या वर्षी उतरण झाली, माती घातली, आणि वेल फुटले नाहीत. फुटले ते काळे पडून माना टाकू लागले. आबांनी मला एकेक वाफा दाखवला. मळ्याचा एक सबंध कोपरा उघडा पडला होता, आणि तिथे ऊन थेट जमिनीवर पडत होते. त्या हिरव्या अंधारात ते ऊन फार वाईट दिसत होते.

मावशी म्हणाल्या, "मी ह्या घरात आले तवा सासूनं माजा हात धरून ह्या येलाला लावला. म्हनली, ही तुजी पयली लेक. येलाच्या मुळाला घातल्याली माती हिनं उचलून खाल्ली. येलाच्या तोंडचा घास काडला. मग येल कसा जगंल? तुमी सांगा."

मी म्हटले, "मूठभर मातीने—"

"मूटभर आसू दे न्हायतर चिमूटभर. घास त्यो घासच."

रघुनाथराव, गोदूचे यजमान, बाजूला उभे होते. भला माणूस, पण आईपुढे तोंड न उघडणारा. मी त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा ते एक वाळलेले पान बोटांनी चुरत होते. परतताना मात्र मागे राहून मला म्हणाले, "आक्का, तिला घेऊन जावा तुमी. हितं ती झुरंल."

गोदूला मी हे सांगितले. मला वाटले, तिला सुटल्यासारखे होईल. ती म्हणाली, "मी येणार नाही."

"अगं, बाळंतपणाला तर माहेरी यायचंच असतं."

"बाळंतपणाला येणं वेगळं आणि आत्ता जाणं वेगळं. आत्ता गेले तर वेल माझ्यामुळेच वाळले हे पक्कं होईल. मग मला आणायला कोण येणार? तुला आलं होतं का कोणी?"

ती मला दुखवायला बोलली नव्हती. पण मग मला घरात बसवेना. मी पदर खोचून बाहेर पडले आणि वाट फुटेल तिकडे चालत सुटले. बाजाराचा दिवस होता, गावात गाड्यांची गर्दी, मेंढ्यांचा कलकलाट. मी ते सगळे ओलांडून ओढ्याकडे गेले. ओढ्यात एक बाई काटेरी फांद्या आणून टाकत होती. मला पाहून तिने घाईने आणखी दोन फांद्या वर ओढल्या. पण काट्यांखाली काय आहे ते मला दिसले होते. काळे पडलेले वेल, भारेच्या भारे.

मी जवळ गेले. "हे कुठल्या मळ्यातले?"

ती बाई चाळिशीची असेल. तिचे नाव सरूबाई हे मला नंतर कळले. आबांच्या मळ्याला लागूनच त्यांचा मळा. तिने हात जोडले. "बाई, गावात बोलू नका. यापारी आमच्या मळ्याचं नाव घ्यायचा न्हाय. मालकानी शप्पत घातलीया. माळ्याच्या मळ्यातला येल मेला की मानूस मेल्यावानी आसतं. लपवावं लागतं."

"तुमच्या घरी कोणी माती खाल्ली का?" मी विचारले.

मी तिला सगळे सांगितले. माझ्या बहिणीला परत पाठवतील हे सांगितले, आणि मला पाठवले होते हेही सांगितले. हे मी सहसा कोणाला सांगत नाही. ती ऐकत होती, पण शेवटी एवढेच म्हणाली, "मी काय करू बाई? मला घर हाय." आणि रिकामी पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली.

मी घरी आले ते भांडायच्या तयारीने. सरूबाईचे नाव घ्यायचे की नाही हे ठरत नव्हते. घेतले तर तिचे घर उघडे पडते. नाही घेतले तर माझ्या बहिणीचे. जेवताना मी भाकरी नुसती कुस्करत होते. मावशींनी विचारले, "भाकरी जाड झाली का?" मी मान हलवली. नाव घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मावशी दळलेले पीठ चाळत होत्या आणि मी उगीच उंबऱ्यात उभी होते, तेव्हा सरूबाई आली. डोक्यावर पाटी होती. तिने ती अंगणाच्या मधोमध पालथी केली. काळे वेल जमिनीवर पडले.

"आत्ती," ती मावशींना म्हणाली, "ह्ये आमचं. आर्दा मळा गेला. खालच्या अंगाचा बी गेलाय, त्ये बी लपिवत्यात. आमच्या घरात कोन माती खात न्हाय. तुमच्या सुनंला बोल लावू नगा."

मावशींच्या हातातली चाळण थांबली. त्या उठल्या, त्या ढिगापाशी जाऊन बसल्या आणि एक वेल हातात घेऊन त्याचे मूळ मोडून पाहिले. आत काळे होते. त्यांनी दुसरा घेतला, तोही मोडला. मग तिथेच, पिठाच्या हातांनी, तोंडावर पदर घेऊन रडू लागल्या. मला वाटले होते की हे कळल्यावर त्या शरमतील. त्या घाबरल्या होत्या. सून दोषी होती तोवर निदान काही उपाय होता.

आवाज ऐकून गोदू बाहेर आली. दारात उभी राहिली, काहीतरी बोलायला तोंड उघडले, आणि चौकटीला घासत खाली पडली.

इंदापूर

आबांनी गाडी जुंपली, रघुनाथराव हाकायला बसले. गाडीत कडबा, त्यावर वाकळ, त्यावर गोदू. मी चढले, आणि माझ्या मागून मावशी चढल्या. कोणी त्यांना या म्हटले नव्हते. वाटभर त्यांनी गोदूचे डोके मांडीवर धरले होते, आणि गाडी खड्ड्यात आदळली की रघुनाथरावांना शिव्या देत होत्या. गोदूला शुद्ध आली होती, पण डोळे मिटलेलेच होते. मला दौंडच्या गाडीतल्या त्या बायका आठवत होत्या. मी त्यांना मनातून घालवत होते आणि त्या जात नव्हत्या.

इंदापूरच्या दवाखान्यातले डॉक्टर प्रौढ, दमलेले. त्यांनी गोदूच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली, छाती तपासली. मग आम्हां सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "हिच्या अंगात रक्त कुठे आहे? असंच चाललं तर बाळंतपण ही काढू शकायची नाही."

"ती माती खाती," मावशी म्हणाल्या. सांगताना आवाज बारीक झाला होता.

"खाणारच. रक्त कमी झालं की पुष्कळ बायकांना ती वासना होते. मातीने हे झालं नाही. हे झालं म्हणून माती. बंद केली पाहिजे, पण रागावून नव्हे."

"आन् मातीच का वो लागती? गूळ का लागत न्हाय?"

डॉक्टरांनी नळी गळ्यातून काढून ठेवली. "ते आम्हालाही नीट कळलेलं नाही," ते म्हणाले. मावशींना हे उत्तर पटले असावे, कारण त्यानंतर त्यांनी डॉक्टरांचे सगळे ऐकून घेतले.

लोखंडाचे औषध दिले, पालेभाज्या सांगितल्या, आणि शेवटी म्हणाले, "बकऱ्याची कलेजी मिळेल तितकी द्या. सध्या याहून चांगला उपाय माझ्याजवळ नाही." मग त्यांची नजर मावशींच्या गळ्यातल्या माळेकडे गेली, आणि ते औषधाची बाटली पुसत राहिले.

त्या घरात तीन पिढ्यांत मांस शिजलेले नव्हते. गोदूनेच मान हलवली, नको म्हणून. परतताना बैलांच्या घुंगरांचा आवाज मला नको इतका मोठा वाटत होता.

पुढचे सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला घोर नको. गोदूला मुलगी झाली; निमगावलाच झाली, आणि दोघी सुखरूप आहेत. आठव्या महिन्यानंतर तिची मातीची वासना आपोआप गेली. मळा मात्र वाचला नाही. गावातले आणखी पुष्कळ मळे गेले. कोणी म्हणे थंडीने, कोणी म्हणे पाणी जास्त झाले. आबांनी तिथे पेरू लावलेत आणि ते अजूनही आत जाताना वहाणा काढतात. सरूबाईच्या घरात त्या दिवसावरून बराच काळ धुसफूस चालली. तिचे उपकार कसे फेडायचे ते मला कळलेले नाही.

मी निघाले त्या सकाळचे तेवढे सांगायचे राहिले. रजा संपली होती. पिशवी भरून मी मागच्या अंगणात गेले, तर गोठ्यामागे तीन दगडांची चूल मांडलेली, वर नवे मडके, आणि पुढे मावशी बसलेल्या. तोंडाला पदर गच्च बांधलेला. धुराने नव्हे, वासाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होते. रघुनाथराव लांब उभे होते, आणि सरूबाई वाकून मिठाचा अंदाज सांगत होती. मी म्हटले, "मावशी, ती करेल की. तुम्ही कशाला?"

"तिला तिचं घर हाय," त्या म्हणाल्या. "रोज कोन यील?"

तेव्हा माझे लक्ष गेले. त्यांचा गळा मोकळा होता. जिथे माळ असायची तिथे कातडीवर एक गोरी रेघ तेवढी दिसत होती. मी पाहते आहे हे त्यांना कळले. पळीने मडके ढवळत, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "देवाला सांगितलं, थोडं दिस तू खुटीवर ऱ्हा. घरात पोटुशी हाय."